बँटम म्हणजे काय, ते मी सांगते

माझ्या मुलीने बॉक्सिंग सोडावं, अशी माझी पहिल्या दिवसापासूनची इच्छा होती. ती इच्छा एका संध्याकाळी अगदी आयती पूर्ण झाली, आणि त्याच संध्याकाळी मी ती हाणून पाडायला कंबर कसली. माझा नवरा म्हणतो की माझ्या स्वभावाचं याहून नेमकं वर्णन करता येणार नाही. नवऱ्याला वर्णनं करायला काय जातं.

मुलीला घरात आम्ही टिचकी म्हणतो. जन्मली तेव्हा टिचकीने उडेल एवढीशी होती म्हणून सासूबाईंनी ठेवलेलं नाव. आता ती चौथीत आहे, पण ते नाव अजून तिला तंग झालेलं नाही. या एका गोष्टीने माझी झोप उडवली आहे. सातव्या मजल्यावरच्या काकू लिफ्टमध्ये भेटल्या की तिच्याकडे बघून हळहळतात, "किती गं बारीक ही. खात नाही का?" मग मी खुलासा सुरू करते. रक्त तपासलं, जंताचं औषध झालं, डॉक्टर म्हणतात काळजीचं कारण नाही, तिच्या आत्याची अंगकाठीही अशीच होती. आमचा मजला चौथा. चौथा मजला येतो तरी आत्यापर्यंत पोचणं होत नाही, आणि मी लिफ्टचं दार पायाने अडवून आत्या पूर्ण करते. काकू सगळं ऐकून घेतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतात.

तर त्या संध्याकाळी टिचकी क्लबमधून आली, ग्लोव्ह्ज चपलांच्या कपाटात कोंबले आणि म्हणाली, "मी उद्यापासून जाणार नाही."

मी आधी तिचे कान, नाक आणि दात तपासले. ते मी रोज तपासते. सगळं जागच्या जागी होतं.

"लागलं का कुठे?"

"नाही. आज वजनाचे गट लावले. मी बँटमवेट आहे."

"मग?"

"बँटम म्हणजे कोंबडी. सगळे मला बघून क्लक्‌-क्लक्‌ करतात. सेक्रेटरीकाकांचा मुलगा फेदरवेट आहे, म्हणजे पीस. तो म्हणाला, तुझंच पीस उपटून आमचा गट केलाय."

टोमणा चांगला होता, हे मला मान्य करावं लागेल. पण तो आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींच्या मुलाने मारला होता, आणि सेक्रेटरींशी आमचं पार्किंगवरून आधीच पटत नव्हतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मुलीने बॉक्सिंग सोडायला हवं, जरूर सोडायला हवं. पण ते आईच्या शहाणपणामुळे. कोणाच्या क्लक्‌-क्लक्‌मुळे नव्हे.

जेवणं झाल्यावर मी वाचायला बसले. माझं शिक्षण महाविद्यालयीन आहे, आणि ते वापरायची संधी मी सोडत नाही. बँटम हे मूळ एका बंदराचं नाव, जावा बेटावरचं. लांब पल्ल्याची जहाजं तिथे थांबायची, खलाशी वाटेतल्या खाण्यासाठी जिवंत कोंबड्या घ्यायचे. त्यात एक छोट्या चणीची जात होती. आकाराने मूठभर, पण तिच्यातला कोंबडा आपल्या दुप्पट आकाराच्या कोंबड्याच्या अंगावर जायला मागेपुढे बघत नसे. खलाशांनी कोंबड्याला बंदराचं नाव दिलं, आणि पुढे बॉक्सिंगवाल्यांनी कोंबड्याचं नाव आपल्या हलक्या पण चिवट खेळाडूंना दिलं. मला ते वाचून भरून आलं. मी टिचकीला उठवणारच होते, पण नवऱ्याने अडवलं.

सकाळी तिने सगळं शांतपणे ऐकलं.

"म्हणजे कोंबडीच ना?"

"कोंबडा."

"लहान?"

"लहान."

"मग झालं तर," असं म्हणून ती दात घासायला गेली.

नवरा पेपराआडून म्हणाला, "माशी, पीस, कोंबडा. हलक्यांना सगळी नावं. हेवीवेटला तेवढं सरळ 'जड' म्हणून सोडलंय, कारण त्यांना चिडवायची कोणाची छाती नाही." घर पेटलं असताना निरीक्षणं नोंदवणारी माणसं असतात, त्यातला तो.

मी क्लबच्या कोचबाईंना गाठलं. कोचबाई कमी बोलतात आणि बोलताना स्टॉपवॉचकडे बघतात, त्यामुळे समोरच्याला आपण हरतोय असं वाटत राहतं. मी सुचवलं की क्लबच्या येत्या स्पर्धेच्या सुरुवातीला प्रत्येक गटाच्या एका पालकाने आपल्या गटाच्या नावावर दोन मिनिटं बोलावं. मुलांना माहिती मिळेल, चिडवाचिडवी थांबेल.

"वेल्टरवेटचं काय?" कोचबाईंनी विचारलं. "ते नाव कुठून आलं, हे कोणालाच खात्रीने सांगता येत नाही."

"मग ते एकच मिनिट बोलतील."

"बरं. तुम्ही सुचवलंत, तुम्हीच बघा. आणि टिचकीचं नाव मी काढलेलं नाही. आदल्या दिवसापर्यंत तिला विचारा."

टिचकी म्हणाली, "तू बोल हवं तर. मी खेळणार नाही."

इथे मला वाटलं की शब्दांनी भागणार नाही. कोंबडा बघितला पाहिजे. खरा, जिवंत, रिंगच्या मधोमध. एकदा तो छाती काढून उभा राहिला की कोणाची हसायची टाप आहे. हा विचार मला भाजी चिरताना सुचला, आणि भाजी चिरताना सुचलेले विचार मी अमलात आणते, हा माझा दोष आहे.

गावाबाहेर कोंबड्या पाळणाऱ्या एक मावशी होत्या. त्यांच्याकडे बँटम होता. तांबडा, काळ्या शेपटीचा, कबुतराहून जेमतेम मोठा, आणि खुराड्यात एकटा. बाकीच्या कोंबड्या पलीकडच्या भिंतीला चिकटून उभ्या होत्या. मी थोड्या दिवसांसाठी मागितला. मावशींनी एका शब्दाने चौकशी न करता त्याला डालग्यात घातलं, वर दोरी आवळली आणि म्हणाल्या, "न्या. परत आणायची घाई करू नका." मला त्या फार दिलदार वाटल्या.

टिचकीने त्याचं नाव जमादार ठेवलं. जमादार बाल्कनीत राहिला आणि पहिल्याच पहाटे, सूर्याला काही कळायच्या आत, आरवला. एवढ्याशा देहातून तो आवाज कुठून निघतो, हा शास्त्राचा विषय आहे. समोरच्या इमारतीत दिवे लागले. कोणाच्या तरी गाडीचा गजर सुरू झाला. नवऱ्याने धावत जाऊन डालग्यावर चादर टाकली, मग ब्लँकेट, मग माझी जुनी गादी. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत होते. ती खरी आहे, आम्ही पडताळून पाहिली. फरक एवढाच की झाकल्यावर तो चिडून जास्त आरवतो, याचा म्हणीत उल्लेख नाही.

फक्त सासूबाई खूश होत्या. "या घरात माझ्याआधी उठणारं कोणीतरी आलं," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

सकाळी सेक्रेटरी आले. हातात नियमांची प्रत, चेहऱ्यावर दुःख. "वहिनी, वैयक्तिक काही नाही. पण पाळीव प्राण्याच्या अर्जात दोनच रकाने आहेत, कुत्रा आणि मांजर."

"मग हा पाळीव प्राणी नाही."

"पक्षी असेल तर पिंजऱ्यात हवा. पिंजऱ्यात असला तर शोभेचा मानतात. हा शोभेचा आहे का?"

आम्ही दोघांनी बाल्कनीकडे पाहिलं. जमादार माझ्या कुंडीतलं शेवटचं रोप मुळासकट उपटत होता.

"पाहुणा आहे," सासूबाई आतून म्हणाल्या.

पाहुण्यांसाठी वेगळा नियम निघाला. दोन्ही बाजूच्या, वरच्या आणि खालच्या घरांची ना-हरकत आणायची. मी सह्यांसाठी दारोदार फिरले. सही कोणी लगेच देत नाही, आधी सल्ला देतात. खालच्या निवृत्त नर्सबाई म्हणाल्या, रात्री गरम दूध द्या. मी म्हटलं, तो दूध कसा पिईल? त्या म्हणाल्या, मी मुलीबद्दल बोलतेय. डावीकडचे म्हणाले, भिजवलेले दाणे द्या, अंग धरेल. हे कोणाबद्दल, ते विचारायचं धाडस मला झालं नाही. मी घरी येऊन दोघांनाही दाणे भिजवले.

सगळ्यात जास्त वेळ वरच्या मजल्यावरच्या मापकाकांनी घेतला. काका वजनमापे खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि अजूनही बाजारात गेले की दुकानदार तराजू पुसायला घेतात. ते सही करण्याऐवजी ताणकाटा घेऊन खाली उतरले.

"बँटम म्हणून सभेत उभा करणार, आणि वजन माहीत नाही? उद्या कोणी हरकत घेतली तर?"

जमादारला पिशवीत घालून काट्याला टांगण्यात आलं. पिशवी फाटली, काकांचा अंगठा फाटला, पण आकडा मिळाला. काकांनी तो खडूने आमच्या बाल्कनीच्या भिंतीवर लिहिला आणि खाली सही केली.

आता माझी खरी चूक सांगते. ती दुसऱ्या कोणी केली नसती, फक्त मीच करू शकत होते. टिचकी ताटात टाकते. रोज टाकते. तिने टाकलेला प्रत्येक घास मला लागतो. आणि बाल्कनीत हा एवढासा जीव, बरगड्या मोजता येतील असा. मी ताटातलं सगळं त्याला घालू लागले. वर दूधपाव. वर भिजवलेले दाणे. तोही बिचारा नाही म्हणत नव्हता. नऊ वर्षांत मी पहिल्यांदा कोणालातरी पोटभर जेवताना बघत होते. मला इतकं समाधान झालं की मी त्याच्याजवळ स्टूल घेऊन बसायची.

जमादार आरवायचा थांबला. सोसायटीत लोक मला बघून नमस्कार करू लागले. मला वाटलं, माझ्या सह्यांच्या मोहिमेचं यश. मग तो चालायचाही थांबला. उशीसारखा एका जागी बसून राही आणि ताट आलं की एक डोळा उघडे. मापकाका आले, नव्या जाड पिशवीत त्याला टांगलं, काट्याकडे बघितलं आणि चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"वहिनी," ते गंभीरपणे म्हणाले, "हा आता बँटम राहिला नाही. नियमाने याला वरच्या गटात घालावं लागेल."

स्पर्धा तोंडावर आली होती. माझ्या हातात त्याचं भरलेलं ताट तसंच होतं. तेव्हा दारात उभी असलेली टिचकी पुढे आली आणि तिने माझ्या हातातलं ताट काढून घेतलं.

"आई, तू त्याला घालू नकोस. तो खात नाही म्हणून लहान नव्हता. तो तेवढाच आहे."

टिचकीने जमादारला काखेत घेतलं, चपलांच्या कपाटातून दोरी काढली आणि गच्चीवर गेली.

त्या दिवसापासून जमादारचं प्रशिक्षण सुरू झालं. मी गच्चीच्या दाराच्या फटीतून बघायची, कारण जिन्यात उभं राहून बघणं आणि लक्ष ठेवणं यात फरक असतो आणि मी लक्ष ठेवत होते. टिचकी दोरीवरच्या उड्या मारी, जमादारला त्या दोरीचा भयंकर राग येई. तो तिच्या मागे लागे, ती पळे. हळूहळू त्याचं अंग उतरलं आणि मान ताठ झाली. मग त्याला ग्लोव्ह्जचा राग यायला लागला. तो कधी सरळ अंगावर येत नसे. आधी पाठ फिरवल्यासारखं करी, एक पंख खाली सोडून तिरका तिरका सरके, आणि समोरच्याला वाटावं हा चालला, तेवढ्यात उडी. टिचकी त्याला चुकवायला शिकली. मग तिरकं सरकायलाही शिकली. भिंतीवर मापकाकांचा खडूचा आकडा पुन्हा पहिल्या जागेवर आला, जमादार पहाटे पुन्हा आरवू लागला आणि सोसायटीने मला नमस्कार करणं बंद केलं.

आदल्या संध्याकाळी मी विचारलं, "कोचबाईंना काय सांगू?"

"काय काय सांगू? जमादार एकटा जाणार का?" टिचकी म्हणाली.

स्पर्धेच्या दिवशी हॉल भरला होता. फेदरवेटतर्फे सेक्रेटरी बोलणार होते. त्यांनी बोरूसारखं लांब, पांढरंशुभ्र पीस काठीला बांधून आणलं होतं आणि हलकेपणाचं महत्त्व या विषयावर ते फार जड बोलत होते. मी रिंगच्या कोपऱ्यात उभी होते. हातात माझं भाषण, जावा बेटापासून आजपर्यंत. पायाशी डालगं. सेक्रेटरींनी पीस हवेत फिरवलं.

जमादारने ते डालग्याच्या फटीतून पाहिलं.

दोरी कधी सुटली ते मला कळलं नाही. तांबडं काहीतरी माझ्या भाषणावरून गेलं, आणि ते भाषण नंतर कोणाला वाचता येण्याच्या स्थितीत राहिलं नाही. तो पिसाला दुसरा कोंबडा समजला होता. एवढ्या मोठ्या पिसाचा कोंबडा केवढा असेल, याचा त्याने क्षणभरही विचार केला नाही. सेक्रेटरी काठी सोडून द्यायचे, तर ती उंच धरून पळत सुटले, त्यामुळे पीस आणखी फडफडलं. मी मागे धावले. ते दोरांखालून रिंगबाहेर गेले. मी जायला बघितलं आणि अडकले. अर्धी आत, अर्धी बाहेर, सगळ्या गावासमोर. माणसाने आयुष्यभर जपलेली प्रतिष्ठा कशी असते, तर साधारण कमरेपर्यंत असते, एवढं मी अनुभवाने सांगू शकते.

मग हॉल अचानक शांत झाला. मी मान वळवून बघितलं. टिचकी हेडगार्ड घालून रिंगमध्ये आली होती. तिने पाठ फिरवल्यासारखं केलं, तिरकी तिरकी सरकली आणि झटकन खाली वाकून जमादारला काखेत घेतलं. त्याने मान ताठ केली, सगळ्यांकडे एकदा बघितलं, आणि आरवला.

कोणी हसलं नाही.

कोचबाईंनी मला दोरांतून सोडवलं, हातात माइक दिला आणि स्टॉपवॉच सुरू केलं. भाषण तर गेलं होतं. मला जावा आठवेना, खलाशी आठवेनात. समोर काखेत कोंबडा घेतलेली माझी मुलगी होती. मी म्हणाले, "बँटम म्हणजे लहान राहिलेला कोंबडा नाही. याचं काही वाढायचं राहिलेलं नाही. हा तेवढाच असतो, आणि पूर्ण असतो." मग मला आणखी काही सुचेना, म्हणून मी माइक परत केला. मापकाका मागच्या रांगेत उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले.

टिचकी पहिली लढत जिंकली. ती लढत मी पाहिली असं मी सगळ्यांना सांगते. खरं तर मी बोटांच्या फटीतून पाहिली, आणि सासूबाईंनी माझी बोटं एकेक करून बाजूला केली. समोरची मुलगी तिच्याहून डोकंभर उंच होती. टिचकी पाठ फिरवल्यासारखं करी, आणि प्रत्येक वेळी ती उंच मुलगी फसे. दुसरी लढत टिचकी हरली. नाही, पंचांबद्दल माझी तक्रार नाही. पण तिने शेवटच्या घंटेपर्यंत एक पाऊल मागे टाकलं नाही, आणि ती रिंगबाहेर आली तेव्हा सेक्रेटरींच्या मुलाने सरकून तिला बाकावर जागा करून दिली. मी ते टिपलं. मी सगळं टिपते.

संध्याकाळी आम्ही इमारतीत आलो. टिचकीच्या गळ्यात कांस्यपदक, ओठ सुजलेला, काखेत जमादार. नवरा पदकाचे फोटो काढत उलटा चालत होता आणि दोनदा भिंतीवर आपटला. लिफ्टमध्ये सातव्या मजल्यावरच्या काकू होत्या. त्यांनी टिचकीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि नेहमीसारखी मान हलवली.

"किती गं बारीक ही. खात नाही का?"

माझ्या ओठांवर रक्ततपासणी आली होती. मी ती गिळली.

"बँटम आहे," मी म्हणाले.

काकूंचा हात छातीकडे गेला. त्यांनी टिचकीकडे पाहिलं, मग कोंबड्याकडे.

"दोघंही?"

"दोघंही."

चौथा मजला आला. आज मला दार अडवून धरायची गरज पडली नाही. आम्ही ताठ मानेने बाहेर पडत होतो, तेवढ्यात काकूंनी मागून, अगदी हळव्या आवाजात विचारलं, "कधी कळलं गं?"

मी टिचकीच्या खांद्यावर हात ठेवला.

"आजच," मी म्हणाले.